झिंग्यांना धूर किती द्यावा?

प्रश्न : अंगणातल्या कोळशाच्या शेगडीवर झिंग्यांना धूर देतो, पण ते रबरासारखे होतात आणि कडवट लागतात. काय चुकतं?
– एक वाचक, पुसद

उत्तर : कडवटपणा बहुतेक जळणाचा. ओली लाकडं, कडुनिंब, रंगवलेल्या फळ्या नकोतच. आंब्याचं वाळलेलं लाकूड घ्या. निखारे एका बाजूला सारा, झिंगे दुसऱ्या बाजूला जाळीवर ठेवून वर झाकण घाला. दाट पांढरा धूर विरून पातळ, निळसर झाला की मगच झिंगे ठेवा. पाठीतला काळा दोरा काढा, पण कवच राहू द्या. त्यानं ओलावा टिकतो. साधारण ११० अंश सेल्सिअसवर २० ते ३० मिनिटं पुरतात. आतलं मांस काचेसारखं न दिसता पांढरट झालं की लगेच उतरवा, नाहीतर ते रबरासारखं होतं. गोड्या पाण्यातले झिंगे अर्धेकच्चे मुळीच खाऊ नका. एवढ्या धुरानं कुठलेच झिंगे टिकत नाहीत, त्याच दिवशी संपवा.