कांगोचा प्रश्न, हावड्याचं उत्तर

कोलकात्याला पुलापलीकडे लागून असलेल्या हावड्यात, दासनगरच्या एका कारखान्यात, मी खरेदी सांभाळतो. आम्ही तांब्याचे केबल लग आणि पितळी टर्मिनल बनवतो, वर कथिलाचं प्लेटिंग. माल पॅनेल बनवणाऱ्यांकडे जातो आणि त्यांच्या यंत्रांत बसून पुढे अमेरिकेला. जानेवारी उजाडला की मेल सुरू होतात: तुमच्या मालात कांगोतल्या सशस्त्र टोळ्यांना पैसा पुरवणारं खनिज आहे का, कळवा. सोबत सीएमआरटी नावाचं एक्सेल पत्रक. मूळचा मी कोल्हापूरचा. शिरोलीच्या फाउंड्र्यांतले जुने मित्रही हल्ली फोन करतात, "हे भरायचं तरी कसं?" त्यांना जे सांगतो, तेच इथे लिहितो.

१. आधी विचारणारा कोण, ते बघा.

अमेरिकेने २०१० मध्ये डॉड-फ्रँक कायदा केला. त्याच्या १५०२ व्या कलमात हे सगळं आहे. तिथल्या शेअर बाजार नियामकाने, एसईसीने, ऑगस्ट २०१२ मध्ये नियम काढले आणि पहिले अहवाल २०१४ मध्ये दाखल झाले. बंधन आहे ते एसईसीकडे अहवाल देणाऱ्या कंपन्यांवर. मागच्या वर्षाचा अहवाल त्यांना ३१ मेपर्यंत द्यावा लागतो. आपण त्या कायद्यात कुठेच नाही. पण ग्राहकाच्या ग्राहकाच्या वर कुणीतरी असतो, आणि प्रश्न पायरी पायरीने खाली उतरतो. जानेवारीत सुरू झालेला तगादा वाढतो तो नेमका मार्चअखेरच्या धांदलीत, स्टॉक मोजणी चालू असताना. "हा कायदा आम्हाला लागू नाही" असं उत्तर बरोबर असतं, आणि ऑर्डर घालवायलाही पुरेसं असतं. युरोपचा नियम वेगळा. १ जानेवारी २०२१ पासून तो ठरावीक प्रमाणाच्या वर खनिज किंवा धातू आयात करणाऱ्यांना लागू आहे. जर्मन ग्राहक तयार मालाबद्दल विचारतो, ते बहुधा स्वतःच्या धोरणापोटी.

२. चार धातू, दहा देश.

कथील, टँटॅलम, टंगस्टन, सोनं. देश कांगो आणि त्याचे नऊ शेजारी. लोखंड नाही, तांबं नाही. अमेरिकेच्या रस्त्यांवर हावड्यात ओतलेली मॅनहोलची झाकणं आहेत. ती साध्या बिडाची असतील तर "नाही" एवढ्यावर काम भागतं. लेथवर टंगस्टन कार्बाइडची टिप लावता म्हणून घाबरू नका. हत्यार मालात राहत नाही. पत्रकात "प्रक्रियेत वापरता का" आणि "मालात उरतं का" असे दोन प्रश्न वेगळे ठेवलेत ते याचसाठी.

३. दुकानदाराचं नाव म्हणजे स्मेल्टर नव्हे.

सगळ्यात जास्त गफलत इथे होते. स्मेल्टरच्या, म्हणजे खनिज वितळवून धातू काढणाऱ्या भट्टीच्या, रकान्यात लोक बडाबाजारातल्या व्यापाऱ्याचं नाव लिहून मोकळे होतात.

स्मेल्टरच का विचारतात, हे एकदा नीट समजून घेतलं की पुढचं सोपं जातं. खाणीतून निघालेल्या खनिजाचा माग भट्टीपर्यंत ठेवता येतो. पोत्याला टॅग लावता येतो, वजन नोंदवता येतं. भट्टीत दहा ठिकाणचं खनिज एकत्र वितळलं की त्यानंतर कथील ते कथील, कोणती प्रयोगशाळाही ते सहज वेगळं करून देत नाही. शिवाय खाणीत खणणारे असंख्य, माल बनवणारे असंख्य, मधे भट्ट्या मात्र जगात मिळून काहीशेच. म्हणून तपासणी तिथे बसवली आहे. रिस्पॉन्सिबल मिनरल्स इनिशिएटिव्ह ही संस्था या भट्ट्यांची यादी ठेवते, प्रत्येकीला सीआयडीने सुरू होणारा क्रमांक देते आणि लेखापरीक्षण करवून घेते.

आता हे नाव मिळवायचं कसं? लगडीवरून. कथिलाच्या लगडीवर भट्टीचा शिक्का असतो. 'बांका' असेल तर इंडोनेशियाची पीटी तिमाह, मलेशिया स्मेल्टिंगची असेल तर तिचा. व्यापाऱ्याला मेल पाठवून उत्तर येत नाही, तिथे जाऊन बसावं लागतं. आमचा व्यापारी पहिल्यांदा म्हणाला, "बाबूजी, टिन तो टिन है." खरी अडचण त्याने चहा संपल्यावर सांगितली. भट्टीचं नाव दिलं तर उद्या तुम्ही थेट माल मागवाल, ही त्याची भीती. ती रास्त आहे, त्याचं पोट त्या नावावर चालतं. मी त्याच्याकडे बिल मागत नाही, दर मागत नाही. लगडीचा फोटो आणि लॉट नंबर, बस्स. आयातीच्या कागदावर दर झाकून प्रत दिली तरी चालते, असंही सांगतो. तेव्हापासून फोटो येतात.

४. भंगाराचं उत्तर ऑफिसात नसतं.

एसईसीचा नियम पुनर्वापराच्या आणि भंगाराच्या धातूला सूट देतो, त्यामुळे गनमेटलचे बुश ओतणारे सगळे त्या रकान्यात "हो" ठोकतात. प्रश्न मात्र "शंभर टक्के भंगार आहे का" असा आहे. भंगार वितळतं, नमुना तपासतात, कथील कमी निघतं आणि ओतारी दोन नवे तुकडे टाकतो. झालं, शंभर टक्के राहिले नाहीत. हे मालकाला ठाऊक नसतं. भट्टीपाशी जाऊन विचारायचं, "दादा, टिन कोम पोडले की मेशान?" कमी पडलं तर काय मिसळता, एवढंच. दादा लपवत नाही, त्यात लपवण्यासारखं काही आहे हेच त्याला माहीत नसतं.

५. लांब यादीवर विश्वास ठेवू नका.

मोठा वितरक स्वतःच्या सगळ्या कंपनीचं मिळून एकच पत्रक पाठवतो, त्यात शेकड्यांनी भट्ट्या. ती यादी जशीच्या तशी आपल्या पत्रकात उतरवली की चेकर पान हिरवं होतं आणि मन प्रसन्न होतं. मग ग्राहक विचारतो, तुमच्या लगमध्ये टँटॅलम कुठून आलं? शक्य असेल तिथे त्या विशिष्ट मालापुरतं पत्रक मागा. नाहीच मिळालं तर "माहीत नाही" लिहा. पत्रकात तो पर्याय दिलेला आहे, चोरून लिहायची गोष्ट नाही. अमेरिकेतल्या भल्या भल्या कंपन्यांनी खनिजाचा देश ठरवता आला नाही असं वर्षानुवर्षं आपल्या अहवालांत नोंदवलंय.

६. "आम्ही कांगोतून घेत नाही" हे मिरवू नका.

कायदा तिथून घ्यायला बंदी करत नाही, फक्त सांगायला लावतो. कायदा आला त्याच वर्षी सप्टेंबरमध्ये कांगोचे अध्यक्ष काबिला यांनी पूर्वेकडच्या तीन प्रांतांत खाणकाम थांबवलं, ते मार्च २०११ पर्यंत. परदेशी खरेदीदारही दूर झाले. हातानं खणून पोट भरणाऱ्यांचा रोजगार गेला, आणि तिथे या कायद्याला "ओबामाचा कायदा" असं कडवट नाव पडलं. अमेरिकी संसदेच्याच जीएओ या संस्थेने २०२४ मध्ये लिहिलं की या नियमाने तिथली शांतता सुधारलेली नाही. त्याच वर्षी एम-२३ या बंडखोरांनी रुबायाच्या कोल्टनच्या, म्हणजे टँटॅलमच्या खनिजाच्या, खाणी घेतल्या, जानेवारी २०२५ मध्ये गोमा शहर. या गोम्यात आपले भारतीय जवान संयुक्त राष्ट्रांच्या शांतिसेनेत वर्षानुवर्षं पहारा देत आलेत. माझ्या मते पत्रक निरुपयोगी नाही, पण त्याने युद्ध थांबेल अशी समजूत करून घेणं भाबडेपणा आहे.

७. अभ्रकाचं पत्रक वेगळं असतं, तेही मागून घ्या.

हावड्याहून ग्रँड कॉर्डने जाणारी गाडी काही तासांत कोडरम्याला पोचते. कोडरमा आणि गिरिडीह हा अभ्रकाचा पट्टा, आणि त्याचा निर्यातीचा रस्ता जुन्या काळापासून कोलकात्यावरून. १९८० च्या वनसंवर्धन कायद्यानंतर तिथल्या अधिकृत खाणी एकेक करून बंद पडल्या. मागे राहिला तो 'ढिबरा', टाकाऊ ढिगांतून आणि बेवारस बिळांतून वेचलेलं अभ्रक. ते वेचणाऱ्यांत मुलं असतात, आणि बिळं ढासळून मुलं मेल्याच्या बातम्या २०१६ मध्ये जगभर छापून आल्या. चार धातूंच्या पत्रकात यातलं अक्षरही नाही. अभ्रक, कोबाल्ट वगैरेंसाठी दुसरं पत्रक आहे, ईएमआरटी, आणि ते ग्राहकाने मागितलं तरच येतं.

हीटरच्या पट्ट्या, आगरोधक केबलची टेप, चकचकीत रंग, सगळीकडे अभ्रक आहे. आम्ही इन्सुलेशनचे वॉशर घेतो. इथे भट्टी नसते, म्हणून ठोकळे सोलून कापणाऱ्या प्रक्रियादाराचं नाव मागायचं, आणि त्याच्याकडे खाणीचं. देशाच्या अधिकृत उत्पादनापेक्षा निर्यात कितीतरी जास्त दिसते. झारखंडातल्या अधिकृत खाणी बंद, म्हणून तिथला माल कागदावर दुसऱ्या राज्यातल्या चालू खाणीचा होतो. प्रक्रियादार गिरिडीहचा आणि खाण आंध्रातली असेल, तर माल तिथून गिरिडीहला आल्याचं वाहतुकीचं चलान मागा. आमच्या एका पुरवठादाराने ते अजून दिलेलं नाही. त्याच्या नावापुढे ईएमआरटीत "माहीत नाही" आहे, आणि पुढची ऑर्डर मी दुसऱ्याकडे अर्धी वळवली आहे.