नामफलकाचे ओतकाम : आधी मातीचा नमुना

बेळगाव-निपाणी परिसरात अक्षरे कोरण्याची परंपरा फार जुनी आहे. खानापूर तालुक्यातील हलशी येथे कदंब राजांचे ताम्रपट सापडले. बेळगावच्या किल्ल्यातील कमल बस्ती रट्टांचा मंत्री बिचिराज याने इ. स. १२०४ मध्ये बांधविली, हेही आपणांस कोरीव लेखांवरूनच कळते. दगडावर वा धातूवर उमटलेले अक्षर पिढ्यान्‌पिढ्या टिकते. मात्र त्यातील चूकही तितकीच टिकते. म्हणून शाळा, ग्रामपंचायत किंवा वाचनालय यांचा फलक कोरण्यापूर्वी वा ओतण्यापूर्वी त्याचा मातीत नमुना करणे हिताचे होय.

नमुना कशासाठी?

कागदावरील अक्षराला उठाव नसतो. फलकावरील अक्षर मात्र छायेमुळे वाचले जाते. 'ब'च्या पोटातील रेघ बुजली, तर 'बेळगाव'चे 'वेळगाव' होते. 'ख'चे दोन भाग खाली जुळले नाहीत, तर 'खानापूर' हे 'रवानापूर' असे वाचले जाते. कन्नडमध्ये 'निप्पाणी' लिहिताना जोडाक्षरातील दुसरा 'प' पहिल्याच्या खाली येतो. म्हणून द्विभाषिक फलकावर कन्नड ओळीखाली अधिक जागा सोडावी लागते. असे दोष मातीत असताना बोटाने दुरुस्त होतात; दगडात किंवा पितळेत ते होत नाहीत.

माती व मांडणी

शाडू किंवा कुंभाराची चाळलेली, मळलेली चिकण माती घ्यावी. खानापूर कुंभारकामासाठी प्रसिद्ध असून खादी व ग्रामोद्योग आयोगाची ग्रामीण कुंभारकाम संस्थाही तेथे आहे. निपाणीकडील काळी माती एकटी वापरू नये. ती वाळताना फार आकसते व तिला भेगा पडतात.

सपाट फळीवर सुमारे २ सें. मी. जाडीचा थर द्यावा व त्यावर अक्षरे ५ ते ६ मि. मी. उंच बसवावीत. अक्षराच्या कडा तळाशी किंचित रुंद व वर किंचित अरुंद ठेवाव्यात. कडा आत वळल्यास साचा सुटत नाही. काम चालू नसताना नमुन्यावर ओले फडके झाकावे. तयार नमुना, फलक लावावयाच्या जागी उभा धरून सकाळी व दुपारी दुरून वाचून पाहावा. दगडी फलक कोरावयाचा असल्यास हाच नमुना पाथरवटापुढे ठेवावा.

साचा व ओतकाम

माती ओलसर असतानाच भोवती लाकडी चौकट लावावी. प्लास्टर पाण्यात हळूहळू सोडून कालवावे. पहिला पातळ थर कुंचल्याने द्यावा, म्हणजे अक्षरांच्या कोपऱ्यांत हवेचे बुडबुडे राहत नाहीत. नंतर उरलेले प्लास्टर ओतावे. ते घट्ट होताना तापते, म्हणून त्यात हात ठेवू नये. उरलेले प्लास्टर मोरीत ओतू नये.

साच्यात अक्षरे उलटी दिसतील. त्यातून निघणाऱ्या फलकावर ती पुन्हा सुलटी होतील. साचा धुऊन, वाळवून, त्यावर साबणाच्या पाण्याचे दोन-तीन हात द्यावेत व त्यात सिमेंटचा फलक ओतावा.

धातूचा फलक हवा असल्यास त्याच साच्यातून प्लास्टरची सुलटी प्रत काढून, तिला चपड्याचे रोगण देऊन ती ओतशाळेत द्यावी. तेथे तिचा ठसा वाळूत घेतात. धातू थंड होताना आकसतो : एक मीटर लांबीमागे बीड सुमारे १० मि. मी., ॲल्युमिनियम १३ मि. मी., तर पितळ १५ मि. मी. म्हणून नमुना तेवढा मोठा करावा. वितळलेल्या धातूचे काम ओतशाळेतच व्हावे. ओलसर साच्यात धातू ओतल्यास वाफेचा स्फोट होतो.

शेवटची तपासणी

साचा घेण्यापूर्वी मराठी व कन्नड या दोन्ही भाषा जाणणाऱ्या शिक्षकांनी नमुना अक्षरशः वाचावा. नावे व तारखा मूळ कागदाशी ताडून पाहाव्यात. त्यानंतर ज्याला मजकूर आधी सांगितलेला नाही, अशा एखाद्या विद्यार्थ्याकडून तो मोठ्याने वाचून घ्यावा. तो जेथे अडखळेल, तेथे अक्षर सुधारावे. या कामात कुंभार, पाथरवट, ओतारी व शिक्षक एकत्र आले, तर फलक निर्दोष होईल, आणि गावाचे नाव दोन्ही भाषांच्या वाचकांना सारख्याच आदराने वाचता येईल.