इच्छांचा तंटा आणि हकांचा निवाडा



हलाल आणि हराम यांतील निवड आचरणास कठीण असली, तरी समजण्यास सोपी असते. श्रद्धावंताला खरा पेच पडतो तो समोरच्या दोन्ही इच्छा वैध असतात तेव्हा. रत्नागिरी-रायगडकडचा एखादा गृहस्थ आखातात नोकरी करतो. आणखी दोन वर्षे राहिलो तर घराचे काम पुरे होईल, ही त्याची इच्छा. मुले हाताबाहेर मोठी होण्यापूर्वी त्यांच्यात जाऊन राहावे, हीही त्याचीच इच्छा. एखाद्या शिक्षिका भगिनीला पुढे शिकायचे असते आणि अंथरुणाला खिळलेल्या आईची सेवा स्वतःच्या हातांनी करावी, असेही वाटते. दुकानदाराला धंदा वाढवायचा असतो आणि कुरआन अर्थासह शिकायचा असतो. यांतले काहीही पाप नाही. मग निवाडा कशाने करावा?

या प्रश्नावर सहीह बुखारीतील एक प्रसंग विचारपूर्वक वाचण्यासारखा आहे. हिजरतीनंतर प्रेषित मुहम्मद (स.) यांनी मदीनेत हजरत सलमान फारसी (रजि.) आणि हजरत अबू दरदा (रजि.) यांच्यात बंधुत्वाचे नाते जोडून दिले. एकदा सलमान (रजि.) आपल्या या भावाच्या घरी गेले. तेथे उम्मे दरदा (रजि.) अगदी साध्या, जुनाट वेषात दिसल्या. कारण विचारता त्या म्हणाल्या की, तुमच्या भावाला या जगाशी काही कर्तव्यच उरलेले नाही. अबू दरदा (रजि.) यांनी पाहुण्यासाठी जेवण मांडले, पण आपला रोजा असल्याचे सांगितले. तुम्ही जेवल्याशिवाय मी घास घेणार नाही, असे सलमान (रजि.) म्हणाले, तेव्हा ते जेवले. रात्री ते नमाजसाठी उठू लागले, तेव्हा सलमान (रजि.) यांनी त्यांना झोपण्यास सांगितले. रात्रीचा शेवटचा भाग आला, तेव्हा मात्र स्वतःच त्यांना उठवले आणि दोघांनी नमाज अदा केली. मग समजावले की पालनकर्त्याचा तुमच्यावर हक आहे, तुमच्या स्वतःच्या जिवाचा हक आहे आणि घरच्यांचाही हक आहे. ज्याचा हक त्याला द्या. ही हकीकत प्रेषितांच्या (स.) कानी गेली, तेव्हा सलमान खरे बोलले, असा निर्वाळा त्यांनी दिला.

या प्रसंगातील तीन गोष्टींकडे लक्ष द्यावे. पहिली ही की, असमतोल अबू दरदा (रजि.) यांना स्वतःला जाणवला नव्हता, तो त्यांच्या पत्नीच्या वेषात दिसला. आपल्या एका इच्छेचा भार बहुधा दुसराच कोणी वाहत असतो. दुसरी ही की, सलमान (रजि.) यांनी नमाज सोडायला लावली नाही, तिला तिची वेळ दिली. झोप आणि नमाज एकाच रात्रीत मावली. तिसरी आणि सर्वांत महत्त्वाची गोष्ट अशी की, तुम्हाला काय हवे आहे, असे त्यांनी विचारलेच नाही. कोणाकोणाचा हक आहे, एवढेच सांगितले. इच्छा इच्छेशी भांडत राहते, कारण दोघी समान जोराच्या असतात. हकांना मात्र क्रम असतो, मर्यादा असते आणि वेळही असते.

वेळेच्या वाटणीचा एक सुंदर नमुना हजरत उमर (रजि.) यांनी ठेवला आहे. ते मदीनेच्या वरच्या भागात, प्रेषितांच्या (स.) मशिदीपासून दूर राहत. त्यांनी आपल्या अन्सारी शेजाऱ्याशी पाळी ठरवली होती. एके दिवशी एकाने प्रेषितांच्या (स.) सेवेत हजर राहावे, दुसऱ्या दिवशी दुसऱ्याने, आणि जो जाईल त्याने त्या दिवशीची शिकवण परतल्यावर सोबत्याला सांगावी. रोज जाता येत नाही म्हणून त्यांनी ज्ञान सोडले नाही आणि ज्ञानासाठी घरसंसारही सोडला नाही. दुकानदार बंधूंनी हा नमुना घ्यावा. आठवड्यातून दोन संध्याकाळी, शेजारच्या दुकानदारासोबत पाळी लावून, शिकणे सुरू होऊ शकते. थोडे पण नित्य केलेले कर्म अल्लाहला अधिक प्रिय आहे, ही प्रेषितांची (स.) शिकवण येथे मोठा आधार देते.

कधी मात्र वेळेची वाटणी पुरत नाही, कारण दोष वेळेत नसून हेतूत असतो. इमाम गझाली (र.) बगदादच्या निजामिया मदरशात शिकवत असत, सुमारे तीनशे विद्यार्थी त्यांच्यासमोर बसत. हिजरी 488 (इ.स. 1095) मध्ये त्यांनी आपल्या अध्यापनामागचा हेतू तपासला आणि त्यात कीर्तीची ओढ आढळली. सुमारे सहा महिने जावे की राहावे या ओढाताणीत गेले. अखेर जीभ अडखळू लागली, शिकवणे अशक्य झाले. मग मुलाबाळांच्या निर्वाहापुरते ठेवून बाकीची संपत्ती त्यांनी वाटून टाकली आणि बगदाद सोडले. हिजरी 499 मध्ये ते पुन्हा नैशापूरला शिकवू लागले. काम तेच होते, पण हेतू बदलला होता. संसारत्यागाच्या त्या क्षणीही मुलांचा हक त्यांनी बाजूला काढून ठेवला होता, हे विसरू नये.

आता आखातातील त्या बंधूच्या प्रश्नाकडे वळू. त्याच्यावर कर्ज असेल तर देणेकऱ्याचा हक उभा आहे. ते फिटेपर्यंत राहणे हा त्या हकाचा सन्मान होय. परंतु उरलेले काम शेजारच्या घरापेक्षा एक मजला उंच व्हावे एवढ्यासाठी असेल, तर त्या मजल्यावर कोणाचाही हक नाही. मुलांचा मात्र आहे, आणि त्यांचे बालपण दोन वर्षे थांबणार नाही. हे सर्व मी त्यांच्यासाठीच करतो, असे म्हणण्यापूर्वी त्याने पत्नीला आणि मुलांना एकदा तरी विचारले आहे काय? श्रद्धावंत आपली कामे परस्पर सल्ल्याने करतात, असे सूरह शूरा सांगते. सल्ल्याची सुरुवात घरातूनच व्हावी. शिक्षिका भगिनीनेही हेच करावे. आईच्या सेवेत भावंडांचा वाटा किती, हे उघडपणे ठरवावे. आईचा हक सर्व अपत्यांवर आहे, एकट्या मुलीवर नाही.

तेव्हा आज इशाच्या नमाजनंतर एक कागद घ्या. अल्लाहचा, स्वतःच्या देहाचा, घरच्यांचा, देणेकऱ्यांचा आणि कामाचा हक त्यावर लिहा. कोणता हक बराच काळ थकला आहे, ते पाहा. मग सल्ला घ्या, इस्तिखाराची नमाज अदा करा आणि निर्णय घ्या. जी इच्छा मागे राहील तिच्यासाठी झुरत बसू नका. हक दिल्यानंतर जे सुटते त्याचा मोबदला अल्लाहकडे आहे.

अल्लाह आपणा सर्वांना ज्याचा हक त्याला देण्याची सद्बुद्धी देवो. आमीन.