सामूहिक दाननिधी: रक्कम परत मिळते का?

प्रश्न : मी अमेरिकेत राहतो. चर्चमधील मंडळी एका ख्रिस्ती सामूहिक निधीत पैसे घालतात. अडचणीत ते परत घेता येतात का? अहिल्यानगरकडील शाळेला मदत पोहोचेल का? – एक वाचक

उत्तर : असा निधी म्हणजे बचतगट नव्हे. अनेकांचे दान एकत्र करून कुष्ठरोग, मानवी तस्करी अशा एकट्याला न पेलणाऱ्या कामांना ते दिले जाते. नॅशनल ख्रिश्चन फाउंडेशनसारख्या (स्थापना १९८२) संस्थेतील खात्यातून देताना दाता फक्त शिफारस करतो. करसवलत मिळते, रक्कम परत मिळत नाही.

शाळेला मदत शक्य आहे, पण ती चालवणाऱ्या संस्थेचीच परदेशी देणगी नियमन कायद्याखाली (एफसीआरए) नोंदणी आणि स्टेट बँकेच्या नवी दिल्ली मुख्य शाखेत खाते हवे. या कायद्यातील २०२० च्या दुरुस्तीनंतर परदेशी देणगी एका संस्थेकडून दुसरीकडे वळवता येत नाही. आधी नोंदणी तपासावी, मगच पैसे पाठवावेत.