राजीनाम्याचे खरे कारण

१९९४ साली दुबईतील एका ऑफिसात मी हिशेबाचे काम पाहत असे. तेथील एका टायपिस्ट मुलीने दोन वर्षे पुरी होताच राजीनामा दिला. कारण लिहिले होते, ‘घरगुती अडचण’. खरे कारण आम्हां सगळ्यांना ठाऊक होते. ऑफिस रिकामे झाले की साहेब तिला ‘अर्जंट पत्रे’ टाइप करायला थांबवून घेत.

तिचा शेवटचा हिशेब मीच केला. मूळ पगार ३,००० दिरहम. वर्षाला २१ दिवसांप्रमाणे ४२ दिवसांची ग्रॅच्युइटी ४,२०० दिरहम झाली असती. पण १९८० च्या कामगार कायद्याप्रमाणे तीन वर्षांच्या आत स्वतःहून नोकरी सोडली तर एक तृतीयांशच मिळे. १,४०० दिरहमच्या पावतीवर मी तिची सही घेतली. आकडा बरोबर होता. मी तोंड मात्र उघडले नाही, ते अजून खुपते.

मालकाने हल्ला केला तर नोटीस न देता नोकरी सोडण्याची मुभा त्या कायद्यातही होती. पण ‘लैंगिक छळ’ हा शब्द त्यात नव्हता. आपल्याकडेही तेव्हा याला ‘छेडछाड’ म्हणत, जणू काही गंमतच! १९९२ साली राजस्थानात बालविवाह रोखू पाहणाऱ्या भंवरीदेवी या ‘साथीण’वर सामूहिक बलात्कार झाला. त्यातून महिला संघटनांनी सर्वोच्च न्यायालयात अर्ज केला आणि १३ ऑगस्ट १९९७ रोजी ‘विशाखा’ निकाल लागला. तीन न्यायमूर्तींत आपल्या मुंबईच्या सुजाता मनोहर होत्या. कामाच्या जागी स्त्रीला सुरक्षित ठेवणे ही मालकाची जबाबदारी आहे, हे त्या निकालाने बजावले. संसदेचा कायदा व्हायला मात्र २०१३ साल उजाडले.

अमिरातीत २ फेब्रुवारी २०२२ पासून नवा कामगार कायदा लागू आहे. त्याच्या कलम १४ मध्ये मालक, वरिष्ठ वा सहकारी यांच्याकडून होणाऱ्या लैंगिक छळास स्पष्ट मनाई आहे. राजीनामा दिला म्हणून ग्रॅच्युइटी कापण्याची पद्धतही गेली. त्या मुलीला आज पूर्ण ४,२०० मिळाले असते. कलम ४५ प्रमाणे मालकाने किंवा त्याच्या कायदेशीर प्रतिनिधीने कामाच्या जागी छळ केला, तर नोटीस न देता नोकरी सोडता येते आणि हक्काचे पैसेही शाबूत राहतात. मात्र तक्रार करणे शक्य झाल्यापासून पाच कामाच्या दिवसांत संबंधित अधिकारी व कामगार मंत्रालय यांना कळवावे लागते. ‘घरगुती अडचण’ लिहून मोकळे झाल्यास हा आधार हातचा जातो.

पोलिसांकडेही जाता येते. २०२२ पासून लागू असलेल्या फौजदारी कायद्यात या गुन्ह्यास किमान एक वर्ष कैद, किमान १०,००० दिरहम दंड किंवा दोन्ही शिक्षा आहेत. त्यात वारंवार केलेली कृती, शब्द किंवा खुणा असे वर्णन आहे. म्हणून तारीख, वेळ, जागा आणि कोण हजर होते हे त्याच दिवशी लिहून ठेवावे. आलेले संदेश पुसू नयेत. झोप उडाली, छातीत धडधडू लागले म्हणून डॉक्टरकडे गेलात, तर ‘ॲसिडिटी’ सांगू नका. खरे कारण सांगा, म्हणजे तारखेसह नोंद राहील.

एक चूक मात्र करू नये. चोरून संभाषण रेकॉर्ड करणे किंवा त्या माणसाचे नाव-फोटो फेसबुकवर टाकणे हा येथे स्वतंत्र गुन्हा आहे. पुरावा म्हणून केलेली गोष्ट आपल्याच अंगाशी येते आणि दंडाचे आकडे लाखांत आहेत.

आधी कोणाशी बोलावे असे वाटत असेल, तर दुबईत भारतीयांसाठी प्रवासी भारतीय सहायता केंद्र आहे. दुबईचे डीआयएफसी आणि अबुधाबीचे एडीजीएम येथील कामगार कायदे वेगळे आहेत. तेथे नोकरी करणाऱ्या भगिनींनी आपल्या नियमांची प्रत मागून घ्यावी.