जुनी 407, रोटी घाट आणि शर्यतीचा मोह

प्रश्न : वडिलांनी 1997 साली घेतलेली टाटा 407 आमच्या दारात उभी आहे. आजवर तिने कांदा, चारा आणि अलीकडे शर्यतीचे बैल वाहिले. यंदा ती घेऊन न्हावऱ्याहून चिपळूणपर्यंत जायचा बेत आहे. फिटर म्हणतो, आधी इंजिन खोलू. चुलतभाऊ म्हणतो, पंपाला डिझेल वाढवून घे, गाडी पळेल. सुरुवात कुठून करावी?
— एक वाचक, न्हावरे, ता. शिरूर

उत्तर : ब्रेकपासून. इंजिन बंद पडलं तर तुम्ही रस्त्याच्या कडेला उभे राहाल. ब्रेक गेला तर कुठे उभे राहाल, हे तुमच्या हातात नसतं.

तुमच्या गाडीचे ब्रेक ऑइलवर चालतात आणि त्यांना व्हॅक्यूमची जोड असते. चारही चाकं उतरवून ड्रम काढायला सांगा. लायनर किती उरलेत, व्हील सिलिंडरच्या रबरातून ऑइल पाझरतंय का, ड्रमला आतून चरे पडलेत का, हे सगळं फिटरच्या शेजारी उकिडवं बसून स्वतःच्या डोळ्यांनी पाहा. मग सगळं जुनं ब्रेक ऑइल काढून टाका. डबी भरलेली दिसते म्हणून बहुतेक जण हे काम टाळतात. पण ब्रेक ऑइल हवेतला ओलावा पीत असतं. डॉट 3 दर्जाचं ताजं ऑइल 205 अंशांपर्यंत उकळू नये, असं मानक आहे. पाणी मुरलेल्या ऑइलसाठी तीच मर्यादा 140 अंशांवर येते. घाटात ड्रम तापले की असं ऑइल आतल्या आत उकळतं, नळीत वाफ होते आणि पेडल थेट फळीला टेकतं. कुंभार्ली घाटात हेळवाकहून खाली उतरताना माझं पेडल असंच मऊ पडलं होतं. गाडी दुसऱ्या गियरमध्ये होती म्हणून डोंगराच्या बाजूला घेता आली. तुम्ही त्याच घाटाने जाणार आहात, म्हणून इतकं लिहितोय. हाताने चालणारा ब्रेकही चढावर गाडी धरतो का, ते तपासून घ्या. व्हॅक्यूमची नळी मात्र बहुतेक गॅरेजात विसरली जाते. ती चिरली असेल तर पेडल दगडासारखं कडक होतं.

यानंतर टायर. नक्षी चांगली दिसतेय यावर जाऊ नका. टायरच्या बाजूवर बनावटीचे चार आकडे असतात. 2316 असेल तर तो टायर 2016 सालच्या तेविसाव्या आठवड्यातला. शेतमालाच्या गाड्या महिनोन्महिने उन्हात उभ्या राहतात, रबर वाळतं, कडेला बारीक भेगा पडतात. असा टायर पुढच्या चाकाला नकोच, आणि स्टेपनी म्हणूनही नको.

आता पाणी. आपल्याकडे रेडिएटरमध्ये बोअरचं पाणी ओतायची सवय आहे. शिरूर-दौंडच्या बागायती पट्ट्यात बोअरचं पाणी किती जड आहे, ते चहाच्या पातेल्याच्या तळाशी साचलेल्या पांढऱ्या थरावरून कळतं. तोच थर रेडिएटरच्या नळ्यांत आणि इंजिनच्या पोटात बसतो. सपाटीला काही जाणवत नाही. चढाला काटा वर सरकतो आणि अखेर हेड गॅस्केट जातं. रेडिएटर उतरवून साफ करून घ्या, होज पाइप आणि फॅनबेल्ट नवे टाका, थर्मोस्टॅट काढून फेकला असेल तर परत बसवा आणि कूलंट शुद्ध पाण्यातच मिसळा. होज पाइपला जितका खर्च येतो, त्याच्या कितीतरी पट खर्च फुटलेल्या गॅस्केटला येतो.

पाट्यांची कमान, यू-बोल्ट, किंगपिन, टायरॉड, प्रॉपेलर शाफ्टचे क्रॉस आणि व्हील बेअरिंग यांचं काम एका दिवसात उरकतं. ढिलं असेल ते बदला, बाकीच्यांना ग्रीस द्या.

इंजिनचं एवढ्यासाठी शेवटी सांगतो की तुमच्याकडे ते बहुधा सगळ्यांत धडधाकट असेल. 407 बाजारात आली 1986 साली, आपल्या पिंपरीच्या कारखान्यातून. त्या काळात जपानी भागीदारीतल्या हलक्या ट्रकांची गर्दी होती. त्या गर्दीत ही गाडी टिकली ती गावच्या फिटरला खोलता-जोडता येते म्हणून, असं मला वाटतं. टाटाच्या 497 इंजिनाचं नावच त्याचं माप सांगतं : चार सिलिंडर, प्रत्येकाचा व्यास 97 मिलिमीटर. दट्ट्याची धाव 100 मिलिमीटर धरली की 2956 सीसी होतात. मोठ्या ट्रकचं 697 म्हणजे तसेच सहा सिलिंडर. सकाळी सेल्फ मारताच सुरू होत असेल, निळा धूर नसेल आणि ऑइल पीत नसेल, तर त्याला खोलू नका. ऑइल आणि फिल्टर बदला, टॅपेट लावा, नोझल तपासा, डिझेलच्या टाकीच्या तळातलं पाणी आणि गाळ काढा.

चुलतभावाला मात्र ठामपणे नाही म्हणा. पंपाचं सील तोडून डिझेल वाढवलं की हवा तेवढीच आणि डिझेल जास्त, असा हिशेब होतो. न जळलेलं डिझेल काळा धूर होऊन बाहेर पडतं, उरलेली उष्णता पिस्टन आणि हेड सोसतात.

सगळं जमलं की लगेच चिपळूण गाठू नका. न्हावऱ्याहून पारगावचा भीमेवरचा पूल ओलांडून चौफुला, तिथून पाटस आणि पुढे रोटी घाट. तुकोबांची पालखी ज्या घाटाने उंडवडीकडे चढते, तोच. थोडं वजन टाकून चढा, काट्याकडे लक्ष ठेवा. परतताना चढलात त्याच गियरमध्ये उतरा. पाटसला थांबून प्रत्येक ड्रमजवळ हात न्या, पण टेकवू नका. एकच चाक जास्त तापलं असेल तर तिथला ब्रेक धरून राहतोय. एखादं अगदी थंड असेल तर तिथला ब्रेक लागतच नाही.

आणि घरची मंडळी हौद्यात बसवू नका. मालवाहू गाडीत माणसं वाहणं बेकायदा आहे, आणि घाटात ते फार धोक्याचंही आहे.

प्रश्न : ट्रकच्या शर्यती होतात असं ऐकलं. जुना ट्रक तयार करून त्यात उतरता येईल का?
— एक वाचक, दौंड

उत्तर : शर्यती होतात, आणि भारतातही झाल्या. 23 मार्च 2014 रोजी ग्रेटर नोएडाच्या बुद्ध सर्किटवर टाटा प्रायमा ट्रकांची पहिली शर्यत झाली. आधी परदेशी चालक होते, 2016 मध्ये आपले ट्रकचालकही त्या ट्रॅकवर उतरले. मला त्या साऱ्यात तेच सर्वांत मोलाचं वाटतं. आपल्याकडे ट्रकवाल्याच्या कसबाला टाळी क्वचितच मिळते.

पण ते सगळे ट्रक एकाच जातीचे, शर्यतीसाठी मुद्दाम बदललेले. जुना ट्रक घेऊन गेटवर गेलो आणि नाव नोंदवलं, असं तिथे नसतं. युरोपातल्या शर्यतीत तर ट्रकचा वेग ताशी 160 किलोमीटरवर बांधलेला असतो आणि ब्रेकवर पाण्याचे फवारे सोडावे लागतात. कारण साधं आहे : वेग दुप्पट झाला की ब्रेकला जिरवावी लागणारी उष्णता चौपट होते. तुमच्या-आमच्या ट्रकचे ब्रेक, पाटे आणि उंच हौदा ओझ्यासाठी घडवलेले आहेत. ताशी 80 च्या वर वळण घेण्यासाठी ते नाहीत.

रस्त्यावर पैज लावायचा विचार मनात असेल तर तो आजच सोडा. मोटार वाहन कायद्याच्या कलम 189 खाली पहिल्याच वेळी तीन महिन्यांपर्यंत कैद किंवा 5000 रुपयांपर्यंत दंड, किंवा दोन्ही होऊ शकतात. पण मला दंडापेक्षा गळीत हंगामाची भीती वाटते. पाटस आणि आलेगावच्या कारखान्यांकडे पहाटे जोडट्रॉल्यांचे ट्रॅक्टर ओळीने निघतात, कित्येकांना मागे दिवा नसतो, आणि ऊस ट्रॉलीच्या बाहेर हातभर लोंबत असतो. अंधारात तो ऊस दिसेपर्यंत ट्रक त्याच्यावर गेलेला असतो. शर्यतीसाठी बाजूला काढलेले पैसे असतील तर त्यातून चांगले हेडलाइट, मागचे दिवे आणि हौद्याला चारी बाजूंनी चमकपट्ट्या लावून घ्या. काही पैसे उरले तर ओळखीच्या ट्रॉलीवाल्यालाही एक पट्टी द्या.