जखमेवर हळद नको, दाब हवा

चि. भाच्यास अनेक आशीर्वाद,

माथेरानला घोड्यांचं काम पत्करलंस, हे ताईकडून कळलं. दस्तुरी नाक्यापुढे मोटारींना बंदी, त्यामुळे बराच भार घोड्यांवर. पावसात चढ निसरडा होतो, घोडा गुडघ्यांवर आपटतो, आणि जखम दिसली की पुष्कळ जण हळद, चुना, रॉकेल शोधू लागतात. ही सवय तू अजिबात लावून घेऊ नकोस.

घाबरलेला घोडा कितीही शहाणा असला तरी लाथ झाडतो. त्याला खांबाला बांधू नये. ओळखीच्या माणसाने दोर धरून खांद्याशी उभं राहावं आणि जखम पाहणाऱ्यानेही त्याच बाजूला थांबावं.

रक्त वाहत असेल तर स्वच्छ सुती कापडाची जाड घडी जखमेवर 10-15 मिनिटं घट्ट दाबून धरायची. मधेच उचलून पाहिलं की धरत आलेली गुठळी सुटते. कापड भिजलं तर त्यावरच दुसरं ठेवावं. 400 किलोच्या घोड्याच्या अंगात तीसेक लिटर रक्त असतं, तेव्हा जमिनीवरचं थारोळं पाहून गांगरू नये. रक्त थांबल्यावर लिटरभर उकळून गार केलेल्या पाण्यात 9 ग्रॅम मीठ घालून त्याने जखम धुवावी. हायड्रोजन पेरॉक्साइडने चांगलं मांसही जळतं, ते टाळावं.

सगळ्यात फसवी जखम सांध्याजवळची. मांडीवर वीतभर फाटलेलं कातडं पाहून लोक हळहळतात, पण गुडघ्याशी पडलेलं बोटभर छिद्र त्याहून घातक. तिथून पिवळसर, चिकट पाणी येत असेल तर जखम सांध्यात उतरली असण्याची भीती असते. तिथे जंतू शिरले की घोडा कायमचा लंगडा होऊ शकतो, म्हणून डॉक्टरला त्याच दिवशी बोलवायचं.

खुरात खिळा रुतला तर उपटू नये. तो कुठवर गेलाय, हे जागेवर असतानाच एक्स-रेत नीट कळतं. घोडा जिथे आहे तिथेच थांबवावा.

घोडा धडधाकट असतानाच त्याची नाडी मोजायला शीक. जबड्याखालच्या शिरेवर बोटं ठेव. विसाव्यात मिनिटाला 28 ते 44 ठोके पडतात. जखमेनंतर ते खूप वाढलेले दिसले तर डॉक्टरला फोनवर आधी तेच सांग.

धनुर्वाताचा धोका घोड्याला फार मोठा, अगदी लहान जखमेतूनही. तुझ्या प्रत्येक घोड्याची लस झाली आहे का, हे याच आठवड्यात तपास. आणि फिरत्या पशुवैद्यकीय पथकाचा 1962 हा क्रमांक तबेल्याच्या भिंतीवर ठळक लिहून ठेव.

तुझा,
मामा